खुजिस्ता-बुनियादचं बाड

जुन्या यादीत या बाडापुढे एवढंच लिहिलं होतं: 'गुलिस्ताँ, शेख सादी. हि. ६५६. अपूर्ण.'

यादी कोणी केली आणि कधी केली, याची नोंद वाचनालयात नाही. ज्यांनी केली त्यांना फारसी येत होतं, हे मात्र नक्की. उजवीकडून उघडून पहिलं पान वाचल्याशिवाय गुलिस्ताँ ओळखता येणार नाही. नंतरच्या कोणीतरी वाचनालयाचा शिक्का डावीकडून उघडून मारलाय, म्हणजे शेवटच्या पानावर. आपल्याकडच्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत फारसी बाडं अशीच आहेत. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात कोणाच्या तरी वाड्यातून देणगी म्हणून आली, कपाटात गेली, आणि फारसी वाचणारी पिढी संपल्यावर कपाटाची किल्लीसुद्धा कोणी मागितली नाही. मी पुण्यात फारसी शिकले, काही वर्षं सूचीचं काम केलं, म्हणून या कपाटाचं वर्णनात्मक सूचीकरण माझ्याकडे आलं. त्यातल्या या एकाच बाडाबद्दल लिहिते. नावापुढे एक ओळ लिहून सोडून दिल्याने आपलं किती नुकसान होतं, ते मला या बाडाइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसलं नाही.

आधी ते ६५६. सादीने गुलिस्ताँ हिजरी ६५६ मध्ये, म्हणजे इ.स. १२५८ मध्ये पूर्ण केलं, आणि हे साल त्याने स्वतःच प्रस्तावनेतल्या एका बैतात, म्हणजे दोन चरणांच्या ओळीत, सांगितलंय. यादी करणाऱ्याने ते तिथून उचललं. ग्रंथ कधी रचला आणि ही प्रत कधी लिहिली, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सूचीत त्यांना दोन निराळे रकाने हवेत. रकाना एकच असला की त्यात जे साल आधी सापडेल ते बसतं, आणि अठराव्या शतकातली प्रतसुद्धा सादीच्या हयातीतली होऊन बसते.

वाचायच्या आधी मोजणी. पत्रांवर, म्हणजे बाडाच्या पानांवर, क्रमांक नव्हते. मऊ पेन्सिलीने वरच्या डाव्या कोपऱ्यात बारीक आकडे घालत गेले. पत्राची दर्शनी बाजू 'अ', पाठची 'ब'. एकूण १४३ पत्रं. जुन्या नकलकारांची एक सोय इथे फार उपयोगी पडते. 'ब' बाजूच्या तळाशी, चौकटीबाहेर तिरका एक शब्द लिहिलेला असतो. पुढच्या पत्राची सुरुवात त्याच शब्दाने व्हायला हवी. त्याला रकाबा म्हणतात. पान-पान उलटत नुसते रकाबे जुळवले तर मजकूर न वाचताही बाडाची तब्येत कळते. इथे ३८ आणि ३९ च्या मध्ये रकाबा तुटला. गुलिस्ताँची छापील प्रत शेजारी ठेवून मोजलं तर मधल्या मजकुराला दोन पत्रं लागतील एवढी जागा निघाली. आणखी पुढे एक पत्र उलटं शिवलेलं होतं. पुनर्बांधणी करणाऱ्याला लिपी येत नसणार.

चौकटीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बाड हाताळताना धोका तिथेच असतो. मजकुराभोवतीच्या रेघांना जदवल म्हणतात. या प्रतीत निळी, तांबडी आणि आत एक हिरवी रेघ आहे. हिरवा रंग जंगारचा, तांब्यापासून केलेला. तो कागद खातो. शे-दोनशे वर्षांत त्या रेघेवर कागद तपकिरी पडतो, मग चिरतो, आणि एक दिवस मजकुराचा अख्खा आयत चौकटीतून निसटून हातात येतो. म्हणून पान उलटताना कोपरा धरून उचलायचं नाही, खाली जाड कागदाची पट्टी सरकवून तिच्यासकट उलटायचं. ओलावाही चालत नाही. शाई काजळीची आणि डिंकाची, पाण्याने ती सरळ निघून येते. आणि चिकटपट्टी तर कधीच नाही. या बाडात तीन ठिकाणी ती लावलेली आहे, तिच्याखालची अक्षरं आता नीट वाचता येत नाहीत. नोंदीत हे सगळं 'स्थिती' या रकान्यात लिहिलं, कोणत्या पत्रावर काय झालंय त्या तपशिलासह. पुढे कधी जतनाचं काम होईल तेव्हा त्या माणसाला हाच रकाना लागणार आहे.

गुलिस्ताँ पत्र १ब वर नेहमीच्या 'मिन्नत ख़ुदाय रा अज़्ज़ व जल्ल'ने सुरू होतं आणि आठही प्रकरणांसह ८४अ वर संपतं. हरवलेली दोन पत्रं सोडली तर पूर्ण आहे. मग यादीत 'अपूर्ण' का? कारण बाड ८४ वर संपत नाही. पुढे आणखी ५९ पत्रं आहेत आणि शेवटचं पान वाक्याच्या मध्येच तुटतं. यादी करणाऱ्याने पहिलं आणि शेवटचं पान पाहिलं, मधलं पाहिलं नाही.

मधे काय आहे, ते शोधायला पुढचे दिवस गेले. हे बाड म्हणजे मजमुआ, एका बांधणीत अनेक कृती. हिंदुस्थानातल्या फारसी संग्रहांमध्ये मजमुए फार असतात आणि यादीत ते पहिल्या कृतीच्या नावानेच राहतात. बाकीच्या कृती कपाटात असूनही नसल्यासारख्या.

८५ब वर मथळा नाही, ग्रंथाचं नाव नाही, लेखकाचं नाव नाही. एकदम गद्य सुरू होतं: 'सुरूद-सरायान-ए-इशरतकदा-ए-क़ाल...' अशा वेळी जुन्या सूचींची खरी किंमत कळते. चार्ल्स र्यूची ब्रिटिश म्युझियमची फारसी सूची १८७९ ते १८८३ या काळात तीन खंडांत निघाली. हर्मान एथेची इंडिया ऑफिसची सूची १९०३ मध्ये. या लोकांनी प्रत्येक ग्रंथाची सुरुवातीची ओळ मूळ लिपीत छापली. ती शिस्त नसती तर निनावी पान ओळखायला आयुष्य गेलं असतं. ही ओळ होती जुहूरीची. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नौरस' नावाने गाण्यांचा जो संग्रह केला, त्याला जुहूरीने लिहिलेली ही गद्य प्रस्तावना. तिच्यासह त्याचे तीन गद्य लेख 'सिह नस्र' म्हणून ओळखले जातात, आणि अलंकारिक फारसी गद्य शिकायचं तर ते घोटून घेण्याची रीत होती. जुहूरी इराणातून आला, आधी अहमदनगरला निजामशाहीत राहिला, मग विजापूरला गेला, दख्खनमध्येच वारला. महाराष्ट्रातल्या एका गावच्या कपाटात त्याचं गद्य आहे हे आजवर कुठल्याही सूचीत नव्हतं. प्रती दुर्मिळ नाहीत हे मान्य. पण दख्खनच्या लेखकाची दख्खनमध्ये राहिलेली प्रत मला तरी मोलाची वाटते.

१०६ पासून अक्षर बदलतं. गुलिस्ताँ आणि जुहूरी एकाच हाताच्या नस्तालीकमध्ये, म्हणजे फारसी ग्रंथांच्या नेहमीच्या वळणदार लिपीत आहेत, सुबक, पानाला पंधरा ओळी. इथून शिकस्ताकडे झुकलेलं घाईचं अक्षर, ओळी कधी तेरा तर कधी सतरा. शिकस्तात न जोडायची अक्षरंही जोडलेली असतात, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले असतात, आणि 'काफ'-'गाफ'चा, म्हणजे 'क' आणि 'ग'चा भेद तर नस्तालीकमध्येही जुने नकलकार पाळत नाहीत. पहिलं पत्र गहाळ, म्हणून सुरुवातीच्या ओळीचा आधार नाही. पण मजकूर पत्रांच्या नमुन्यांचा होता. वडीलधाऱ्यांना कसं लिहावं, बरोबरीच्याला कसं, नेमणुकीचा परवाना, विक्रीखत, कर्जाचा रोखा. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने असे इन्शाचे ग्रंथ शिळाप्रेसवर भरपूर छापले होते. त्यांच्या जुन्या प्रती समोर घेऊन पडताळत गेले आणि विक्रीखताच्या मसुद्यावर जुळलं. मुलतानच्या हरकरणचं इन्शा, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. हे पुस्तक इतकं चालायचं की फ्रान्सिस बाल्फरने १७८१ मध्ये कलकत्त्याला त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं, कंपनीच्या लोकांना फारसी पत्रव्यवहार शिकता यावा म्हणून.

शेवटची १२ पत्रं म्हणजे पद्यात बांधलेला शब्दकोश, मुलांकडून पाठ करून घ्यायचा. यांची कृती ठरली नाही. नोंदीत पहिली वाचता येणारी ओळ, शेवटची ओळ, एकूण बैत आणि वृत्त एवढं लिहिलं. नाव अंदाजाने चिकटवलं नाही. चुकीचं नाव छापलं की ते सूचीतून सूचीत उतरत जातं. ओळी दिल्या तर दुसरा कोणी उद्या ओळखेल.

आता तारीख. मला सगळ्यात आनंद इथे मिळाला, म्हणून सविस्तर सांगते.

गुलिस्ताँच्या शेवटी, ८४अ वर, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या ओळींत पुष्पिका, म्हणजे नकलकाराची समाप्तीची नोंद, आहे. नकलकाराच्या नावाची जागा किडीने खाल्लीय. उरलेल्यात लिहिलंय: रविवार, १७ शव्वाल, सन ४० जुलूस, 'बलदा-ए-ख़ुजिस्ता-बुनियाद' इथे पूर्ण झालं. हिजरी साल नाही. बादशहाचं नाव नाही.

जुलूस म्हणजे राज्यारोहणापासूनचं वर्ष. चाळीस वर्षं गादीवर राहिलेले मुघल बादशहा तीनच: अकबर, औरंगजेब आणि दुसरा शाह आलम. खुजिस्ता-बुनियाद हे औरंगाबादचं, आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, दरबारी नाव. शहराला औरंगजेबाचं नाव मिळालं ते तो १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला त्यानंतर. म्हणजे अकबर बाद. उरले दोघे, आणि त्यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर.

औरंगजेबाची जुलूस वर्षं १ रमजान १०६८ पासून धरतात. त्या हिशेबाने चाळिसावं वर्ष रमजान ११०७ ला लागतं, आणि त्यातला १७ शव्वाल येतो २० मे १६९६ ला. शाह आलमचं राज्यारोहण जमादिलावल ११७३ मधलं; त्याच्या चाळिसाव्या वर्षातला १७ शव्वाल १२१२ चा, म्हणजे ४ एप्रिल १७९८. आता वार पाहायचा. २० मे १६९६ ला रविवार होता. ४ एप्रिल १७९८ ला बुधवार. हिजरी महिना चंद्रदर्शनावर असल्याने कोष्टकाच्या आणि प्रत्यक्षाच्या तारखेत एका दिवसाचा फरक पडतो, क्वचित दोनाचा. रविवार आणि बुधवार एवढा पडत नाही. नकलकाराने वार लिहिला नसता तर इथेच अडले असते. म्हणून पुष्पिका उतरवून घेताना तिच्यातला वार, प्रहर, गावाची विशेषणं, काहीच गाळू नये. पुष्कळ सूचींमध्ये पुष्पिकेचा नुसता सारांश देतात आणि नेमकी हीच माहिती वगळतात.

अक्षरांच्या बेरजेने साल सांगणाऱ्या ओळींबाबतही अशीच सावधगिरी लागते. हुमायूनच्या मृत्यूची प्रसिद्ध ओळ आहे: 'हुमायूँ पादशाह अज़ बाम उफ़्ताद'. अब्जद पद्धतीने बेरीज ९६२ येते, आणि हुमायून वारला ९६३ मध्ये. शब्द चपखल बसावेत म्हणून एखाद्या वर्षाची सवलत घेतली जायची. बेरीज आली म्हणून साल ठरलं असं नाही, दुसरा पुरावा लागतोच.

इथे दुसरा पुरावा मोडीत मिळाला. गुलिस्ताँच्या ओळींमध्ये, फारसी शब्दांखाली, बारीक मोडी अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले आहेत. पहिल्या चार प्रकरणांत दाट, पुढे विरळ. मला मोडी जेमतेम येते, म्हणून मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांना बोलावलं. त्यांनी भिंग धरून समास वाचत वाचत ५२ब वर बोट ठेवलं.

"ताई, इथे साल आहे. इहिदे सबैन मया व अलफ."

म्हणजे मराठी दप्तरांत चालणारा सुहूर सन, ११७१, मृगापासून धरलेलं, इ.स. १७७०-७१. आणि हे कोऱ्या जादा पानावर नाही, गुलिस्ताँच्याच पत्राच्या समासात. १७७० मध्ये ज्या प्रतीच्या समासात कोणी लिहिलं, ती १७९८ मध्ये नक्कल झालेली असू शकत नाही. वाराचा हिशेब आणि मोडीतलं साल, दोन्ही एकाच दिशेला गेले. नोंदीत लिहिलं: '१७ शव्वाल, सन ४० जुलूस [आलमगिरी, हि. ११०७ / २० मे १६९६], औरंगाबाद.' आलमगिरी म्हणजे औरंगजेबाचं. चौकटी कंसातलं माझं, बाहेरचं पुष्पिकेतलं. ही सीमा सूचीत डोळ्यांना दिसली पाहिजे, यावर माझा आग्रह आहे.

१६९६ चा उन्हाळा डोळ्यांसमोर आणून पाहा. राजाराम महाराज जिंजीत आहेत. बादशहा भीमेकाठी ब्रह्मपुरीच्या छावणीत आहे. संताजी आणि धनाजी मुघल फौजांना उसंत देत नाहीत. आणि औरंगाबादेत कोणीतरी बसून बोरूने गुलिस्ताँ उतरवतोय. पाऊणशे वर्षांनी ती प्रत एका मराठी माणसाच्या हातात आहे आणि तो शब्दाखाली शब्द लिहून फारसी शिकतोय.

तो कोण, हे सांगता येत नाही. पेशवाईत फारसी पत्रव्यवहार पाहणारे पारसनीस असत, हैदराबादच्या निजामाशी आणि दिल्लीशी बोलणं फारसीतच चाले, तेव्हा शिकणाऱ्याला कारण भरपूर होतं. तेच मोडी अक्षर पुढे हरकरणच्या इन्शामध्येही आहे, विशेषतः कर्जरोख्याच्या आणि परवान्याच्या मसुद्यांपाशी. म्हणजे १७७० च्या सुमारास दोन्ही भाग त्याच माणसाकडे होते. जुहूरीच्या पानांवर मात्र एकही मोडी अक्षर नाही. सादी, मग कामकाजाची पत्रं, शेवटी शब्दकोश: हा एका शिकणाऱ्याचा अभ्यास आहे. अठराव्या शतकात महाराष्ट्रात फारसी प्रत्यक्षात कशी शिकत, यावर आपण सामान्य विधानं पुष्कळ करतो. इथे तो अभ्यास पानापानावर आहे. कुठला शब्द अडला, कुठला नाही, तेही दिसतं. 'गुलिस्ताँ, अपूर्ण' एवढ्या नोंदीवरून कुठलाही अभ्यासक हे बाड मागवणार नव्हता. गुलिस्ताँच्या प्रती जगात हजारोंनी आहेत.

फारसी हस्तलिखितांच्या सूचीकरणात अजूनही दुर्मिळ ग्रंथाला मान आणि पाठ्यपुस्तकाला एक ओळ, हा क्रम चालतो. मला तो उलटा वाटतो. दुर्मिळ ग्रंथाची संहिता कोणीतरी संपादित करतोच. पाठ्यपुस्तकाची संहिता सगळ्यांना माहीत असते, म्हणून त्याच्या प्रतीकडे कोणी पाहत नाही. पण वापरणाऱ्यांच्या खुणा तिथेच जास्त असतात.

शिक्क्यांचं थोडक्यात. १अ वर दोन मोहरा आहेत. एक पुसट, दुसरीत साल ११३१ वाचता येतं. मोहरेवरचं साल ती कोरल्याचं असतं, उमटवल्याचं नाही. त्यामुळे ही मोहर ११३१ च्या आधी उमटलेली नाही, एवढाच निष्कर्ष. तिच्या वर कोपऱ्यात 'या कबीकज' लिहिलंय, किडीपासून पुस्तक राखण्यासाठी अनेक प्रतींवर लिहीत तसं. कागद घोटीव, पाणचिन्ह नसलेला, देशी. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात कागद होत असे आणि औरंगाबाद तिथून जवळ, पण कागद तिथलाच हे नुसत्या डोळ्यांनी म्हणता येत नाही. म्हणून 'देशी हातकागद' एवढंच.

संगणकावर भरणं हा यातला सोपा भाग. अवघड एकच गोष्ट: सूचीच्या नमुन्यात एका क्रमांकाला एकच ग्रंथनाम घालता येत होतं. ग्रंथपालबाईंशी बोलून चार स्वतंत्र नोंदी केल्या, मूळ क्रमांक तोच, पुढे उपक्रमांक. वाचनालयाचा जुना क्रमांक तसाच ठेवला, कारण जुन्या लेखांत कुठे उल्लेख आला असेल तर तो त्याच क्रमांकाने येणार. नावं फारसी लिपीत, देवनागरीत आणि रोमनमध्ये अशी तिन्ही दिली. मराठी वाचकाला आपल्या गावच्या बाडात काय आहे हे आपल्या लिपीत शोधता यावं, ही माझी अट होती, आणि बाईंनी ती लगेच मान्य केली. मोडी टिपांसाठी वेगळा रकाना केला, पत्रांच्या क्रमांकांसह.

एक पान राहिलंय. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या कागदावर सियाक आकड्यांत हिशेब आहेत, अकरा ओळी. सियाकमध्ये आकडे म्हणजे अरबी संख्याशब्दांची आवळून बांधलेली रूपं असतात, आणि प्रत्येक कचेरीचं वळण थोडं निराळं. पहिल्या दोन ओळींत धान्याची मापं आहेत असं दिसतं. नोंदीत 'सियाक हिशेब, ११ ओळी, वाचन बाकी' असं लिहून त्या पानाचं छायाचित्र जोडलंय. सियाक वाचणाऱ्या कोणाला ते पाहायचं असेल, तर वाचनालय दाखवायला तयार आहे.